माझी सून कुठे जात नाही

१ जानेवारी २००७, रेगेन्सबर्ग

पतपेढीची डायरी दर वर्षी मिळते आणि दर वर्षी तिच्यात दूधवाल्याचे खाडे लिहिले जातात. यंदा ती सामानात घालून इकडे आणली. इथे दूधवालाच येत नाही. म्हटलं, कुंदाबाई, आता खरोखरची डायरी लिहा.

मला येऊन तीन आठवडे झाले. शेजारीणबाईंना वाटतं मी बर्फ बघायला आलेय. बर्फ अजून पडलेला नाही आणि पडला नाही तरी माझं काही अडत नाही. मी परतीची तारीख घ्यायला आलेय. प्रसन्न इथे गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर आहे. "पाच वर्षं गं आई, फार तर सहा," म्हणून गेला, त्याला आता सात होतील. ह्यांच्या मागे मी एकटीने बिबवेवाडीच्या घरावर वरचा मजला चढवला. दोन खोल्या, स्वयंपाकघर, नातीसाठी, अपूर्वासाठी, खिडकीजवळ अभ्यासाचं टेबल. त्या मजल्याची किल्ली माझ्या पर्समध्ये आहे. संक्रांतीला सुनेला वाण म्हणून तीच द्यायची, असं ठरवून आलेय. कुणाला बोलले नाही अजून.

आज जेवताना विचारलं, "मग, जून की जुलै?" प्रसन्न म्हणाला, "बघू."

पंचवीस वर्षं मी वॉर्डात प्रचार केला. मतदार 'बघू' म्हणाला की त्या घरावर काट मारायची, हे मीच नव्या पोरींना शिकवलं. पण प्रसन्नचं तसं नाही. तो लहानपणापासूनच आळशी आहे.

३ जानेवारी

आज गंमतच कळली. कौमुदी निवडणुकीला उभी राहतेय! माझी सून, जी मी आल्यापासून "आई, चहा ठेवू?" याच्यापेक्षा मोठ्याने काही बोललेली नाही, ती!

इथल्या परदेशी रहिवाशांचं शहरात एक मंडळ असतं. नाव एका दमात म्हणता येत नाही, आउसलेंडरबायराट. परदेशी लोकांनीच मत देऊन माणसं निवडायची आणि त्या माणसांनी नगरपालिकेला सल्ला द्यायचा. मी विचारलं, "पालिका ऐकते का?" कौमुदी म्हणाली, "कधी कधी." म्हणजे आपल्यासारखंच.

खरी निवडणूक मार्चच्या सुरुवातीला आहे. पण दर वेळी व्हिएतनामी वेगळे, श्रीलंकेचे वेगळे, आपले वेगळे उभे राहतात आणि सगळेच पडतात. म्हणून यंदा आशियातल्या सगळ्यांनी मिळून ठरवलंय की आधी आपापसांत मतदान घ्यायचं आणि जिंकेल त्या एकालाच पुढे करायचं. हे आधीचं मतदान येत्या २१ तारखेला, रविवारी, चर्चच्या हॉलमध्ये. उमेदवार दोघंच. एक आमची कौमुदी. दुसरे सेल्वराजा, श्रीलंकेचे तमिळ गृहस्थ, स्टेशनजवळ हॉटेल चालवतात, वीस वर्षांपासून इथे आहेत.

"पण तुला कशाला हवंय हे?" मी विचारलं.

"आई, मी संध्याकाळी बायकांना जर्मन शिकवते ना, तिथे मुलं आणलेली चालत नाहीत. मग मुलं ठेवायची कुठे? बायका येणंच सोडून देतात. मंडळावर गेले तर निदान मुलांसाठी एक खोली तरी मागता येईल." मग म्हणाली, "मीही पहिली दोन वर्षं अशीच घरात बसून काढली."

हे मला माहीत नव्हतं. फोनवर कायम "मजेत आहोत" म्हणायची.

मी विचारलं, "प्रचाराचं काय केलंस?" तर म्हणे, ई-मेल पाठवलाय. ई-मेल! मी कपाळावर हात मारला. माझ्या मैत्रिणीच्या, सुमेधाच्या, तीन निवडणुका मी लढवल्यात. उभी राहिली ती, पळाले मी. आत्ता तिकडे पुण्यात महापालिकेची धामधूम चाललीय आणि मी इथे सॉक्स घालून बसलेय म्हणून सुमेधा माझ्यावर चिडलीय. हाताला नुसती खाज सुटली होती. म्हटलं, सूनबाई, बाजूला हो. प्रचार मी बघते.

६ जानेवारी

इथे आज सणाची सुट्टी. कौमुदीचा हट्ट होता की जर्मनीत न सांगता कुणाच्या दारात जायचं नसतं, आधी टेर्मिन घ्यायची. टेर्मिन म्हणजे भेटीची वेळ. दात घासायलासुद्धा हे लोक टेर्मिन घेत असतील.

आणि नेमकी सकाळी बेल वाजली. दारात चार पोरं, डोक्यावर कागदी मुकुट, हातात काठीला लावलेली चांदणी. न सांगता, न विचारता! गाणं म्हटलं, दाराच्या चौकटीवर खडूने काहीतरी लिहिलं आणि गेली पुढच्या दाराला. सबंध जिन्यात सगळ्यांनी दारं उघडली. ख्रिस्ताला भेटायला आलेल्या तीन राजांची रीत आहे म्हणे.

मी कौमुदीकडे बघितलं. ती हसायलाच लागली. "बरं बाई, जा तुम्ही," म्हणाली.

७ जानेवारी

आज रविवार. दुकानं बंद. प्रसन्न म्हणाला, "चल आई, तुला एक गंमत दाखवतो," आणि शहराबाहेर बुर्गवाइंटिंगला नेलं. तिथे नवी घरं बांधलीत, एकाला एक चिकटून, त्याला रायहेनहाउस म्हणतात. नमुन्याचं एक घर बघायला उघडं होतं. कुणी मित्र घेणार आहे म्हणे, त्याला मत हवंय.

मित्राच्या घरासाठी माणूस किती बघतो! प्रसन्नने हीटर कसला आहे ते वाकून बघितलं. कौमुदीने पर्समधून टेप काढून ओट्याची उंची मोजली. अपूर्वा सरळ वरच्या मजल्यावर पळाली आणि एका खोलीतून ओरडली, "माइन त्सिमर!" म्हणजे माझी खोली. पोर मराठी सगळं समजते, पण उत्तर देते जर्मनमधून. मी म्हटलं, अगं, तुझी खोली पुण्याला आहे, खिडकीशी टेबलसुद्धा आहे. तिने आईकडे बघितलं.

खालच्या मजल्यावर बागेच्या बाजूला एक छोटी खोली आहे, शेजारीच बाथरूम. कौमुदी म्हणाली, "आई, जिना चढायचा नाही. ऊन येतं. कशी वाटते?"

मी म्हटलं, "मला काय करायचंय? ज्यांचं घर त्यांना विचारा."

परत येताना गाडीत दोघांचे चेहरे उतरले होते. मित्राला घर आवडणार नाही असं वाटत असावं दोघांना.

९ जानेवारी

प्रचाराला सुरुवात. माझ्या जोडीला नीलिमा आहे. पुण्याचीच, नवरा सॉफ्टवेअरमध्ये. स्वतः जर्मन फाडफाड बोलते आणि दर वाक्याला "गेनाऊ" म्हणते. गेनाऊ म्हणजे "अगदी बरोबर". मी काही बोलले तरी "गेनाऊ, काकू." मला अशी माणसं आवडतात.

तिला माझे नियम सांगितले. चहाला नाही म्हणायचं नाही. आधी मुलांची चौकशी, मग तब्येतीची. मत मागायचं ते एकदम शेवटी, चपला घालताना, आत्ताच आठवल्यासारखं. आणि नवऱ्याने "घरातली सगळी मतं तुम्हालाच" म्हटलं तरी बायकोला वेगळं भेटल्याशिवाय उठायचं नाही.

आज अफगाणी घर, दोन तेलुगू घरं आणि एक फिलिपिनो नर्सबाई झाल्या. प्रत्येकाचं घर वेगळ्या वासाचं. अफगाणी आजीबाई माझ्याच वयाच्या. ना तिला माझं कळलं ना मला तिचं, तरी आम्ही अर्धा तास गुडघ्यांवर बोललो. तिने दुखरी जागा दाखवली, मी माझी दाखवली. मत पक्कं आहे.

मी सगळ्यांना २१ तारखेला दुपारी आमच्या घरी हळदीकुंकवाला बोलावतेय. नीलिमाने विचारलं, "काकू, मतदानाच्या दिवशीच?" अगं, म्हणूनच तर! घरात बसलेली बाई मतदानाला निघत नाही. पण एकदा चांगली साडी नेसून, केस विंचरून बाहेर पडली की ती कुठेही येते. आमच्या घरातून चर्चचा हॉल दोन गल्ल्या सोडून आहे. तिळगूळ घ्यायचा आणि सगळ्यांनी मिळून चालत जायचं. मुलं नवऱ्यांनी सांभाळावीत. रविवार आहे, कुठे जाणार आहेत?

नीलिमा म्हणाली, "गेनाऊ."

१२ जानेवारी

माशी शिंकली. चार दिवस ऐकतेय, सगळीकडे एकच अडचण. सेल्वराजांनी कुठेतरी म्हटलंय की कौमुदी चांगली बाई आहे, हुशार आहे, पण ही इंजिनियरांची घरं. प्रोजेक्ट आहे तोवर इथे, ते संपलं की सामान बांधून चालले. मंडळाची मुदत सहा वर्षांची, मधेच सोडून गेली तर आपण काय करायचं?

माणूस काही वाईट बोलला नाही. मी त्याच्या जागी असते तर हेच बोलले असते, आणि जास्त मोठ्याने.

आज फ्राऊ हुओंगकडे गेलो. व्हिएतनामची, कपडे दुरुस्त करायचं छोटं दुकान आहे तिचं. व्हिएतनामी बायका सगळ्या तिचं ऐकतात, म्हणजे हिचं मत हे एक मत नाही. मी माझं पोलकं उसवायला नेलं होतं, म्हणजे बोलायला निमित्त. तिने टाचण्या तोंडात धरूनच विचारलं आणि नीलिमाने मला सांगितलं, "काकू, ती विचारतेय, कौमुदी राहणार का इथे?"

मी म्हटलं, "सांग तिला, माझी सून कुठे जात नाही."

नीलिमा घुटमळली. "असं सांगू?"

"सांग गं! निवडणुकीत कुणी स्टॅम्पपेपरवर लिहून मागत नाही."

नीलिमाने सांगितलं. तेवढ्यात 'ब्लाइब्ट हिअर' हे दोन शब्द मी उचलले, म्हणजे इथेच राहते. मीही म्हटलं, "या, या, ब्लाइब्ट हिअर!" 'या' म्हणजे हो, एवढं मला येतं. हुओंगने तोंडातल्या टाचण्या काढल्या. माझ्याकडे नीट बघितलं. मग काउंटरच्या बाहेर येऊन माझा हात हातात घेऊन दाबला आणि काहीतरी म्हणाली.

"ती म्हणतेय, सासू म्हणाली म्हणजे खरं," नीलिमा म्हणाली.

आता लिहिताना मनात पाल चुकचुकतेय. थाप मारली का मी? पण सुमेधाच्या प्रत्येक निवडणुकीत आम्ही पाण्याची टाकी सांगितली. ती कुठे झाली? मतदारही ऐकून हसायचे. प्रचाराचं बोलणं ते प्रचाराचं. कौमुदी जूनला गेली तर हे लोक दुसरं कुणी बघतील. मग सेल्वराजा आहेतच.

पण त्या हुओंगने हात फारच घट्ट धरला होता.

१५ जानेवारी

संक्रांत. थायलंडचा ताडगूळ आणि तुर्की दुकानातले तीळ, तरी लाडू झकास झाले. प्रसन्नने सकाळी सात खाल्ले.

किल्ली आज द्यायची होती. पण कौमुदीला सकाळी काम, संध्याकाळी जर्मनचा वर्ग, आणि मला चार घरं करायची होती. म्हटलं, मतदान होऊ दे, निवांत देऊ. हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं.

सगळ्या घरांत आता मीच आधी सांगून टाकते, "ब्लाइब्ट हिअर." विचारायची वाटच बघत नाही. विरोधकाचा मुद्दा आपणच पुढे होऊन मोडायचा, हा माझा जुना डाव. फिलिपिनो नर्सबाईने तर मला मिठी मारली. तिची सासू तिच्याशी वर्षभर बोलत नाहीये म्हणे, ती इकडे राहिली म्हणून.

सुमेधाचा फोन आला. "कुंदे, तुझ्यावाचून माझं बूथ लंगडं झालंय," म्हणाली. मग, "काय, तारीख मिळाली का?" मी म्हटलं, मिळेल गं. इकडची निवडणूक होऊ दे.

आणि एक. अपूर्वा चौथीत आहे. इथे चौथीनंतर शाळा बदलते. तिच्या बाई म्हणाल्या म्हणे की हिला गिम्नाझियमलाच, म्हणजे हुशार मुलांच्या मोठ्या शाळेत घाला, सप्टेंबरपासून. हे प्रसन्न मला एवढं खुलून सांगत होता! मी म्हटलं, "जूनला निघायचं, तर सप्टेंबरचं कशाला?" प्रसन्नने ताटातला भात कालवायला घेतला. कौमुदी उठून गॅस बंद आहे का ते बघायला गेली. इथे गॅस नाही. इलेक्ट्रिकची शेगडी आहे.

१८ जानेवारी

बाप रे, काय वारा! वादळ आहे, त्याला नावसुद्धा ठेवलंय, क्यूरिल. शाळा लवकर सोडली. समोरच्या बाल्कनीतली खुर्ची उडून आमच्या खिडकीखाली पडली. देशभरातल्या आगगाड्या बंद केल्यात, आणि प्रसन्न नेमका म्युनिकला मीटिंगला गेलेला. त्याचा फोन आला, गार्चिंगला उल्हास नावाचा मित्र आहे त्याच्याकडे राहतोय.

संध्याकाळी आम्ही तिघी घरात. अपूर्वा माझ्या कुशीत शिरून बसली होती. कौमुदी समोर येऊन बसली, उठली, परत बसली. मग म्हणाली, "आई, तुम्हाला एक सांगायचं होतं. बरेच दिवस."

मला लगेच कळलं. उमेदवाराचं हे होतंच, मतदानाच्या तीन दिवस आधी. सुमेधा तर दर वेळी अर्ज मागे घेते म्हणायची. मी म्हटलं, "हे बघ, घाबरायचं नाही. आता पाऊल मागे घेतलंस तर मी एवढी घरं फिरले ती तोंडघशी पडेन. भाषणात एक लक्षात ठेव, कुणी काही विचारलं तर अडखळायचं नाही. उत्तर येवो न येवो, पटकन द्यायचं. अडखळला तो पडला."

"तसं नाही आई, ते..."

"मला सगळं कळतंय," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे बघितलं, इतकं आशेने की मला बरं वाटलं. "खरंच कळतंय तुम्हाला?"

"अगं, डोळ्यांसमोर दिसतंय ते कळणार नाही का मला?"

ती रडायलाच लागली. मी पाठीवर हात फिरवला. माणूस निवडणुकीत फार हळवा होतो. बाहेर काहीतरी धाडकन पडलं आणि अपूर्वा किंचाळली, मग विषय तिथेच राहिला.

२१ जानेवारी

जिंकलो!

हात दुखतोय तरी लिहिणारच. बाराला बायका यायला लागल्या. बाहेरच्या खोलीत जागा पुरेना म्हणून बेडरूममध्येही बसवल्या. मी हळदीकुंकू लावतेय, नीलिमा तिळगूळ देतेय, कौमुदी प्रत्येकीला नावाने हाक मारतेय. हिला एवढ्या बायकांची नावं कधी पाठ झाली? अफगाणी आजीबाई आल्या, जिना चढून! कुंकू त्यांनी लावून घेतलं नाही, म्हणून मी हाताला अत्तर लावलं, तो हात त्यांनी नाकाशी धरून ठेवला. हुओंग शेवटी आली, मागे सगळ्या व्हिएतनामी बायका. माझं पोलकं शिवून आणलं होतं. घ्या म्हणाली, आजच घाला. घातलं.

मग निघालो सगळ्या. रस्ता रिकामा, रविवारची दुपार, आणि आमची ही मिरवणूक. एक जर्मन आजोबा कुत्रा घेऊन उभे राहिले, त्यांनी टोपी काढली. मला वाटतं त्यांना लग्न वाटलं असावं.

हॉल गच्च भरला. सभेला चर्चचे फादर अध्यक्ष, कारण ते कुणाच्याच बाजूचे नाहीत. आधी दोघांनी बोलायचं, मग मतदान. सेल्वराजा छान बोलले, लोक हसले. कौमुदी मुलांच्या खोलीबद्दल बोलली. आवाज आधी कापत होता, मग चढला. ही बाई आमच्या घरात राहते हे मला खरं वाटेना. मागच्या बायका टाळ्या वाजवत होत्या आणि मी एकटीच रडत होते.

मग फादरनी दोघांना एकच प्रश्न विचारला. मला जर्मन येत नाही, पण तो प्रश्न मी दहा दिवस दारोदार ऐकलाय. सहा वर्षं इथे राहणार का?

सेल्वराजा नुसते हसले. कौमुदीची पाळी आली आणि ती गप्प झाली.

एवढं शिकवून! अडखळायचं नाही म्हणून पढवून पढवून सांगितलं होतं. ती उभी, हातात माइक, आणि बघतेय कुठे, तर माझ्याकडे. मी मान हलवली, बोल म्हणून. नाही. तशीच बघतेय. मागे वळून पाहिलं तर हुओंग माझ्याकडे बघतेय. नर्सबाई बघतेय. ज्या ज्या दारात मी शब्द दिला होता ती सगळी दारं त्या हॉलमध्ये बसली होती. प्रसन्न भिंतीपाशी उभा, खाली मान घालून. सगळं हातातून चाललं होतं.

उठले मी. हुओंगने शिवलेलं पोलकं, हिरवी साडी, ताठ उभी राहिले आणि सभेत ओरडून म्हटलं, "या! ब्लाइब्ट हिअर! माझी सून कुठे जात नाही!"

मग कौमुदीने माइक तोंडाशी धरला. रडत होती, पण आवाज स्वच्छ होता. "या," म्हणाली. "विअर ब्लाइबेन." म्हणजे, आम्ही राहतोय.

हॉल नुसता उसळला. मतं मोजायच्या आधीच सगळ्यांना कळलं होतं. सेल्वराजांनी येऊन आधी माझ्याशी हात मिळवला, मग तिच्याशी. इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, माझा मुद्दाच तुम्ही काढून घेतलात. मार्चमध्ये मी तुमच्याबरोबर फिरेन."

सुमेधा, बघ गं. परमुलखात, भाषा येत नसताना.

२२ जानेवारी

सकाळी प्रसन्न कामावर गेला नाही. कौमुदी अपूर्वाला शाळेत सोडायला गेली होती. तो चहा घेऊन माझ्या खोलीत आला आणि पलंगावर बसला, लहानपणी प्रगतिपुस्तक दाखवायच्या आधी बसायचा तसा.

"आई, काल तू जे केलंस..."

"त्यात काय, प्रचारप्रमुखाचं कामच ते."

"नाही गं. आम्ही दोघं सहा महिने विचार करत होतो, आईला कसं सांगायचं. मीच टाळत होतो. कौमुदी म्हणायची, आईंना फसवल्यासारखं होतंय. वादळाच्या दिवशी तिने विषय काढला, तर तू म्हणालीस, मला सगळं कळतंय. तरी तिला खात्री नव्हती. काल फादरनी विचारलं, तेव्हा तू समोर असताना तिच्या तोंडून 'हो' निघेना. आणि तू स्वतः उठून..." त्याने माझा हात धरला. "बुर्गवाइंटिंगचं घर आम्ही घेतोय, आई. खालची खोली तुझी आहे. तू म्हणशील तेव्हा, म्हणशील तितके दिवस. तू एवढ्या मोठ्या मनाने सांभाळून घेशील असं मला वाटलं नव्हतं."

चहा माझ्या हातात होता. मी तो प्यायले. सगळाच्या सगळा प्यायले.

त्याला काय सांगू? की तो प्रचार होता? की मी थाप मारत होते आणि माझ्या थापेला तुम्ही आशीर्वाद समजलात? सात वर्षांत पहिल्यांदा माझा मुलगा माझ्यासमोर मोकळा बसला होता, खांद्यावरून गोणी उतरवल्यासारखा.

मी म्हटलं, "मग! माझी सून कुठे जात नाही असं गावभर सांगत फिरले, ते काय उगाच?"

तो हसला आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. चाळीस वर्षांचा घोडा.

नंतर बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. टेपने ओटा मोजला, माझ्या डोळ्यांदेखत. गॅस नसलेल्या घरात गॅस बघायला गेली. 'बघू' म्हणाला, आणि मतदारांच्या 'बघू'चा अर्थ सांगणारी मी! दिसत असून मी बघितलं नाही. त्यांचा रागही आला, भयंकर आला. सहा महिने! अरे, आई आहे का कोण आहे मी? वरच्या मजल्यावरचं ते टेबल, त्याला मी उभं राहून पॉलिश करून घेतलंय.

मग तोंड धुतलं. पंचवीस वर्षांत मी लोकांना किती आश्वासनं दिली असतील. पाणी, दिवे, गटार, बालवाडी. त्यातलं हे पहिलंच पुरं झालं.

२३ जानेवारी

काही लिहावंसं वाटत नाही. बर्फ पडला. अपूर्वाने खिडकीशी ओढत नेलं. सुंदर आहे, खोटं कशाला बोलू.

सुमेधाला फोन केला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "कुंदे, एवढ्या निवडणुका जिंकून दिल्यास मला, पण स्वतःच्या घरात मात्र..." आणि आम्ही दोघी हसत सुटलो. हसता हसता परत रडलो.

२५ जानेवारी, रथसप्तमी

आज हळदीकुंकवाचा शेवटचा दिवस.

सकाळी प्रसन्नला म्हटलं, माझं तिकीट पंचवीस फेब्रुवारीचं आहे, ते पुढे ढकलता येतंय का बघ. व्हिसा नऊ मार्चपर्यंत आहे. मतदानाच्या आधी प्रचारप्रमुखाने गाव सोडायचं नसतं. तो म्हणाला, "बघू." मी म्हटलं, "बघू नाही. हो की नाही ते सांग." म्हणाला, "हो."

संध्याकाळी दिवा लावला. कौमुदीला पाटावर बसवलं, हळदीकुंकू लावलं. परवापासून ती माझ्याशी जास्त बोलते आणि मी कमी. ती म्हणाली, "आई, गावभर बायकांना वाण वाटलंत. सुनेचं राहिलंच."

"राहिलं नाही," मी म्हटलं. "आणलंय पुण्याहून."

पर्समध्ये हात घातला. क्षणभर वाटलं, लाडवांचा डबा द्यावा, बस्स. पण जे तिच्यासाठी आणलं ते तिचंच होतं. किल्ली तिच्या ओंजळीत ठेवली. लाल दोरा बांधलेला, मीच बांधला होता निघताना.

"कसली आहे, आई?"

अपूर्वा वाकून बघायला लागली. प्रसन्नने ती किल्ली ओळखली. मजल्याचं काम चालू असताना फोनवर मी त्याला कुलपाची कंपनीसुद्धा सांगितली होती. त्याचा चेहरा बघवेना.

माझा आवाज नीट लागला. एवढी भाषणं ऐकलीत, थोडं तरी येणारच. म्हटलं, "बिबवेवाडीच्या वरच्या मजल्याची. सुट्टीला याल तेव्हा उतरायला."